उजेडाचं मीटर

सोलापुरात उजेड विकत घ्यायचा म्हटल्यावर भवानी पेठेतली माणसं हसली, यात त्यांचं काही चुकलं नाही. मे महिन्यात इथं ऊन इतकं फुकट मिळतं की नको म्हणायचीही सोय नसते. आणि ही महेश्वरी सासऱ्यांच्या बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये, पत्र्याला खालून थर्माकोल मारून, खिडक्या बुजवून, विजेच्या दिव्यांखाली मिरचीची रोपं वाढवणार! समोरच्या किराणावाल्याने तर विचारलं, "अक्का, आता वारा पण दुकानातनंच आणणार का?"

पण महेश्वरीचं गणित बरोबर होतं. मेच्या उन्हात कोवळं रोप दुपारपर्यंत मान टाकतं, आणि शेतकऱ्याला तर पावसाच्या तोंडावर तयार रोप हातात हवं असतं. शेडमध्ये कूलर होता, लोखंडी मांडण्यांवर रोपांचे ट्रे होते आणि प्रत्येक ट्रेवर साखळीने टांगलेल्या दिव्यांच्या लांब पट्ट्या. पहिल्या हंगामातच रोपं अशी झाली की मंद्रूपची माणसं स्वतःच्या गाड्या घेऊन दारात यायला लागली. हसणारे गप्प झाले. किराणावाला तर आता गिऱ्हाइकांना शेडची वाट दाखवायचा.

दिवे बसवले होते अमरेशने. अमरेश तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो चौथीत होता आणि डब्यात रोज भाकरीऐवजी चपाती पाहिजे म्हणून रडायचा. सासरे लवकर गेले. नवरा शिवू अकलूजला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, तो आठवड्याने यायचा. सासूबाई चन्नम्मा देवाधर्मात. तेव्हा अमरेशला चपात्या करून घालणं, त्याचा अभ्यास घेणं, पुढे त्याला वायरमनच्या कोर्सला घालणं, सगळं महेश्वरीने केलं. तिला स्वतःला मूल झालं नाही. कुणी त्यावरून हळहळायला लागलं की ती सरळ म्हणायची, "अमरेश हाय की मला."

बाकी बाई संशयी, आणि उघड संशयी. भाजीवाल्याने दिलेली अर्धा किलो वांगी घरी येऊन परत तोलणार. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणार. गॅसची टाकी आली की माणसाला उभं करून हलवून घेणार. पेठेत तिच्याशी व्यवहार करताना माणसं आपोआप सरळ वागत, कारण वाकडं वागून कटकट कोण ओढवून घेणार? या सगळ्यातून एक माणूस सुटला होता. अमरेशला तिने कधी तोललं नव्हतं. त्याने आणलेलं सामान ती न मोजता कपाटात टाकायची आणि पेठेतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

मग ते मीटर आलं.

ती एका प्रशिक्षणाला गेली होती. तिथल्या सरांनी सांगितलं की घरात रोपं वाढवणाऱ्याने डोळ्यावर भरवसा ठेवू नये. माणसाचा डोळा मंद उजेडालाही लगेच सरावतो आणि सगळं झकपक आहे असं सांगतो. रोपाला मात्र कमी उजेड कमीच पडतो. म्हणून मीटर घ्या, पानाच्या उंचीवर धरा, ट्रेच्या मध्ये मोजा, कोपऱ्यांत मोजा. महेश्वरीला हे इतकं पटलं की जणू आयुष्यभर ती याच वाक्याची वाट बघत होती. आपल्या डोळ्यावरसुद्धा संशय घ्या, असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मीटर म्हणजे मोबाइलएवढी काळी डबी. तिला एक वायर आणि वायरीच्या टोकाला काळी चकती. चकतीवर अर्ध्या लिंबाएवढा पांढरा घुमट. घुमट दिव्याकडे तोंड करून धरायचा, डबीवर आकडा दिसतो. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून मोजलं. मधल्या ट्रेवर आकडा वीस हजारांच्या वर गेला, कोपऱ्यांत कमी भरला. अमरेशला तो खेळच झाला. त्याने पट्ट्या थोड्या बाजूला सरकवल्या, कोपरे सुधारले आणि म्हणाला, "वैनी, तुमाला आता नवं हत्यार गावलं. माझं काय खरं न्हाय."

दोघंही हसली. संध्याकाळी महेश्वरीने मीटर देवघरात नेऊन ठेवलं. नवी वस्तू घरात आली की आधी देवापाशी जायची, ही या घरातली रीत. सासऱ्यांनी मागाचा पहिला धोटासुद्धा तिथंच ठेवला होता. शिवाय घरात देवघराइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. पहाटे चन्नम्माची पूजा झाली की तिथं दिवसभर कुणी फिरकत नसे.

पुढच्या वेळी तिने एकटीने मोजलं, तर आकडा थोडा कमी आला. तिने दुर्लक्ष केलं. विजेचा दाब कमी असेल, सोलापुरात काय नवल आहे? त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी आला. मग आणखी. वीस हजारांच्या जागी पंधरा, मग तेरा. ट्रे तेच, उंची तीच, दिवे तेच.

दिवे तेच होते का? हा प्रश्न तिच्या मनात आला तेव्हा ती शेडमध्ये एकटी होती, आणि तिने खरोखर मान वळवून मागे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी विचारला होता.

एकदा पाल चुकचुकली की मग साध्या गोष्टी साध्या राहत नाहीत. अमरेश दुपारी ती झोपलेली असताना शेडमध्ये जातो, हे तिला आधीही माहीत होतं. पण आता ती पडल्या पडल्या दाराची कडी वाजते का ते ऐकायला लागली. तो फोन आला की उठून अंगणात जायचा. रेंज तिथंच मिळते हे पेठेला ठाऊक आहे, तरी तिला वाटलं, असं काय बोलायचंय याला जे घरात बोलता येत नाही? एक दिवस तो टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट स्कूटरच्या पुढ्यात उभं करून निघाला होता.

"काय न्हेतोस रे?"

"दोन पट्ट्या हायत. लई तापत्यात. बदलून आणतो."

"बदलून? कुणाकडनं?"

"हाय एक दोस्त," असं म्हणून त्याने किक मारली.

संध्याकाळी दोन पट्ट्या परत टांगलेल्या होत्या. महेश्वरी स्टुलावर चढली. यांच्यावरचा शिक्का वेगळा होता. चांगल्या काढून हलक्या लावल्या, आणि चांगल्या गेल्या कुठं? पेठेत दोन लग्नाचे हॉल आणि तीन जिम नव्याने झाले होते. सगळीकडे दिव्यांची कामं अमरेशचीच. तिने रात्री शिवूला फोन केला.

"अगं, अमऱ्या हाय त्यो. चोरी कशाला करंल?" शिवू म्हणाला.

"चोरी म्हटलं का मी? आकडा उतरतोय एवढंच म्हटलं."

"मग त्याला इचार की सरळ."

विचारायचं कसं? विचारलं आणि तो खोटं बोलला, तर ते कळेल. विचारलं आणि तो खरं बोलला, तर आपण विचारलं हे त्याला कळेल. दोन्हींची तिला सारखीच धास्ती वाटत होती. म्हणून तिने विचारलं नाही, पाळत ठेवली. मीटर तर ती आता त्याच्या हाती लागूच देत नव्हती. यंत्रातला माणूस तो, आत काही फिरवून ठेवेल आणि आकडा हवा तसा आणेल. तिने चन्नम्माला बजावलं, "आत्या, ते देवापाशी ठेवलंय त्याला कुणाला हात लावू देऊ नगा. अमरेशला पण न्हाय."

चन्नम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिने सुनेच्या आवाजाच्या दिशेने मान हलवली. "हौदवा, व्हय बाई, मी हाय की. तुझी वस्तू मी जिवापलीकडं जपते."

आता आकडा अकरा हजारांवर आला होता. उजेड अर्धा झाला तर रोपं मरणार, म्हणून महेश्वरीने स्वतःच साखळ्या सोडल्या आणि सगळ्या पट्ट्या रोपांच्या डोक्यापाशी खाली आणल्या. अमरेशने दुपारी ते पाहिलं आणि तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"वैनी, दिवे एवढं खाली कुणी घेतलं?"

"मी. उजेड कमी पडतोय."

"कमी? रोपं बगा की. उजेड कमी असता तर ताणली असती, लांबुडकी झाली असती. ही बगा कशी बुटकी, दांडगी हायत. वर घ्या दिवे, पोळतील."

"मीटर सांगतंय कमी हाय."

"मग मीटर दावा मला."

"मी बघते काय ते," असं म्हणून ती कूस बदलून झोपली. झोप कुठली? तो मीटर का मागतोय, हेच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

दोन-तीन दिवसांत पानांच्या कडा पांढुरक्या पडल्या आणि वर वळल्या. महेश्वरीच्या लेखी हा शेवटचा पुरावा होता. उजेड नाही, नुसती धग; म्हणजे पट्ट्या नकली. आणि नेमका अशाच एका सकाळी मंद्रूपचा निंगप्पा आपली रोपं बघायला आला. निंगप्पा जुना गिऱ्हाईक, बोलायला मोकळा, आणि मंद्रूपच्या आठवडी बाजारात त्याने एकदा बोललेलं सगळ्या पंचक्रोशीला ऐकू जातं. त्याने एक ट्रे उचलला, पानं बोटाने उलटीपालटी केली आणि तोंड वाकडं केलं.

"अक्का, ही काय रोपं झाली? भाजल्यावानी दिसत्यात."

अमरेश तिथंच वायर सोलत बसला होता. तो उठून काही बोलणार, तेवढ्यात महेश्वरीच्या तोंडातून गेलं, "मला काय इचारता, निंगप्पा? ह्यालाच इचारा. चांगलं दिवे कुटं गेलं आणि हे भंगार कुटनं आलं, ह्यालाच ठावं."

निंगप्पाने ट्रे हळूच खाली ठेवला.

अमरेशने आधी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिला वाटलं तो चिडेल, ओरडेल. तसं झालं असतं तर तिला बरंही वाटलं असतं. तो हात पुढे करून म्हणाला, "वैनी, मीटर द्या."

महेश्वरीने हातातलं मीटर छातीशी धरलं. मुद्दाम नाही. लहान मुलाच्या हातून काचेची वस्तू वाचवावी तसा तिचा हात मागे गेला. पण गेला, आणि तो त्याने पाहिला. त्याने वायर खाली ठेवली, पक्कड पिशवीत टाकली आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत माडीवरच्या खोलीतले त्याचे कपडेही गेले होते. तो अकलूजला, एका डेअरीच्या वायरिंगच्या कामावर गेल्याचं शिवूच्या फोनवरून कळलं. भावाच्या खोलीवर उतरला होता आणि भावाशीसुद्धा धड बोलत नव्हता.

महेश्वरीने स्वयंपाक केला आणि तो तसाच झाकून ठेवला. आपण बरोबर आहोत, हे ती स्वतःला सांगत होती. बरोबर असताना घास का उतरत नाही, हे मात्र तिला कळत नव्हतं. अमरेश चोर निघाला तर तिच्याजवळ काय उरलं? आणि न निघाला तर काय उरलं? तिने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आणि शेवटी भांडी घासायला घेतली.

चन्नम्माची पूजा दोन दिवस लांबत होती. तिसऱ्या सकाळी पूजेवरून उठताना गुडघ्यावर हात टेकून ती म्हणाली, "येतंय माझं लेकरू. काळजी करू नगं. त्या नव्या लिंगाला सांगितलंय म्या."

"कुटल्या नव्या लिंगाला?"

"असं काय करतीस? तूच आणून ठेवलंस की. काळ्या बैठकीवरचं पांढरं. मी म्हटलं, बरं झालं, सून भक्तीला लागली. रोज घासून इभूत लावते त्याला. ओली करून, चांगली जाड. तू हात लावू देऊ नगा म्हटलीस, मी कुणाची सावली पडू दिली न्हाय."

महेश्वरी देवघरात गेली आणि मीटर उचललं. पांढऱ्या घुमटावर पांढरी विभूती. रोज लावलेली, रोज ओल्या अंगठ्याने पसरलेली, वाळून बसलेली. तिने इतके दिवस ते रोज हातात धरलं होतं, रोज आकडा पाहिला होता, आणि घुमटाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तिने नखाने खरवडलं. पापुद्रा निघाला.

ओल्या फडक्याने पुसताना फडकं पांढरं झालं. ती मीटर घेऊन शेडमध्ये जवळजवळ धावतच गेली. मधल्या ट्रेवर धरलं, तर आकडा चाळीस हजारांच्याही पुढे गेला. तिनेच दिवे खाली आणले होते. रोपं तिनेच भाजली होती. मग ती एकेका पट्टीखाली मोजत गेली. सगळ्यांत मोठा आकडा आला तो अमरेशने बदललेल्या त्या दोन पट्ट्यांखाली. आणि त्या हाताला चटका देत नव्हत्या.

ती शेडच्या उंबऱ्यावर बसली आणि रडली. समोरचा किराणावाला बघत होता, बघू दे.

तिचे फोन अमरेशने घेतले नाहीत. चन्नम्माचा घेतला. चन्नम्माने कानडीत काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो आला, टूलची पिशवी खांद्याला लावूनच. महेश्वरीने काही आडपडदा ठेवला नाही. फडकं दाखवलं, मीटर त्याच्या हातात दिलं, लिंगाची गोष्ट सांगितली.

"मी निंगप्पाला फोन केलाय," ती म्हणाली. "माजी चूक हाय म्हणून सांगितलंय. बाजारात पण तसंच सांगा म्हटलंय."

लिंगाच्या गोष्टीवर अमरेश हसला. चांगला खदखदून हसला, आणि आईला म्हणाला, "अव्वा, आता त्या मीटरला नैवेद्य बी दाव." चन्नम्मा लाजली. महेश्वरीच्या छातीवरचा दगड उतरला. तिने लगेच कणीक मळायला घेतली.

अमरेशने दिवे वर घेतले. मीटर पानाच्या उंचीवर धरून मधे, कोपऱ्यांत मोजलं, साखळ्या दोन कड्या इकडे, एक तिकडे केल्या. भाजलेली पानं खुडून टाकायला सांगितली. शेंडा हिरवा आहे ती रोपं उभी राहतील म्हणाला. बोलणं नेहमीसारखंच होतं. चपात्या खाल्ल्या, दोन जास्तच खाल्ल्या. महेश्वरीने माडीवरच्या खोलीत धुतलेली चादर घातली होती.

जेवण झाल्यावर त्याने पिशवी उचलली. "अकलूजचं काम अर्धं ऱ्हायलंय. निघतो."

"मग परत कवा?"

"बगू की. काम झाल्यावर."

तो उंबऱ्यापर्यंत गेला, थांबला, आणि परत आत येऊन खाली बसला. पिशवीची चेन ओढली आणि सगळं फरशीवर मांडायला लागला. पक्कड, टेस्टर, टेपची रिळं, वायरचं भेंडोळं, डब्यातले स्क्रू. पिशवी रिकामी करून त्याने तिचं तोंड महेश्वरीकडे धरलं.

"हे काय रे? भर ते आत."

"न्हाय वैनी, बगून घ्या," तो शांतपणे म्हणाला. त्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "कुणाच्या बी घरी काम केलं की निघताना मी असं दावतोच. लोकाचं घर असतंय, पुन्हा बोल नगं. हितंच तेवढं कदी दावलं न्हवतं."

महेश्वरीने मान फिरवायला हवी होती. तिला तेच करायचं होतं. पण तिची नजर पिशवीच्या तळापर्यंत जाऊन आली होती, आणि ती परत येताना अमरेशने पाहिली.